पी. टी. उषा: लॉस एंजेलिस आणि त्यानंतरची दोन वर्षं

मैदानवेडा (धागाकर्ता)

पी. टी. उषा हे नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "अरेरे, थोडक्यात पदक गेलं हो!" १९८४ चं लॉस एंजेलिस, चारशे मीटर अडथळा शर्यत, सेकंदाचा शंभरावा भाग. हे सगळं खरं आहे, विसरण्यासारखंही नाही. पण त्या एका शर्यतीने तिची बाकीची कारकीर्द झाकून टाकली आहे, आणि ते मला मनापासून खटकतं. मुलांसाठीच्या पुस्तकांत बघा, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत बघा, सगळीकडे उषा म्हणजे हुकलेलं कांस्य. म्हणून हा धागा.

थोडं मागून सुरू करतो. जन्म २७ जून १९६४, केरळचा कोळिकोड जिल्हा. वाढली पय्योलीत, म्हणून पुढे 'पय्योली एक्स्प्रेस'. वडील कापडाचे व्यापारी. लहानपणी तब्येत अगदी तोळामासा. तरी चौथीत असताना तिने शाळेतल्या शर्यतीत वरच्या वर्गातल्या विजेत्या मुलीला मागे टाकलं. १९७६ साली केरळ सरकारने कन्नूरला मुलींसाठी क्रीडा विभाग काढला. तिथे निवडलेल्या ४० मुलींत उषा होती, शिष्यवृत्ती महिना २५० रुपये. ओ. एम. नंबियार तिला भेटले ते याच काळात. हवाई दलात राहिलेला माणूस. ही किडकिडीत मुलगी किती झपझप चालते, हेच त्यांच्या नजरेत आधी भरलं, असं त्यांनी पुढे सांगितलं होतं. नंतरची सगळी वर्षं गुरू तेच.

१९८० ला मॉस्को ऑलिंपिक, वय १६. शंभर मीटरच्या पहिल्याच फेरीत १२.२७ सेकंद, पाचवी, बाहेर. १९८२ ला दिल्ली एशियाडमध्ये शंभर आणि दोनशे दोन्हींत रौप्य. १९८३ ला कुवेतमध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चारशेचं सुवर्ण. महिलांची चारशे मीटर अडथळा शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा येणार होती १९८४ ला, आणि नंबियारांनी ती संधी बरोबर ओळखली.

आता लॉस एंजेलिसचे आकडे एका ओळीत वाचा. पहिली फेरी ५६.८१. उपांत्य फेरी ५५.५४, राष्ट्रकुलातला विक्रम, आणि त्यात तिने अमेरिकेच्या ज्युडी ब्राउनला मागे टाकून पहिला नंबर काढला. अंतिम फेरी ५५.४२. म्हणजे प्रत्येक फेरीत आधीपेक्षा वेगवान. अंतिम फेरीत एका स्पर्धकाने चुकीची सुरुवात केली, सगळ्यांना परत ब्लॉकमध्ये जावं लागलं, दुसऱ्या सुरुवातीला उषा किंचित मागे राहिली असं तेव्हापासून सांगितलं जातं. मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल ५४.६१, ज्युडी ब्राउन ५५.२०, रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१. मग उषा.

आपण सगळे इथेच थांबतो. तिची खरी दोन वर्षं यानंतरची आहेत.

१९८५, जकार्ता, आशियाई अजिंक्यपद. शंभर, दोनशे, चारशे, चारशे अडथळे आणि चार बाय चारशे रिले, पाचही सुवर्णं. वर चार बाय शंभर रिलेचं कांस्य. १९८६, सोल एशियाड. दोनशे २३.४४, चारशे ५२.१६, अडथळे ५६.०८ आणि रिले, चार सुवर्णं. शंभरात रौप्य. त्या एशियाडमध्ये भारताला एकूण सुवर्णं मिळाली पाच. पाचवं कुस्तीत कर्तारसिंगचं. बाकी चारांत उषा होती. त्या वर्षी ती नसती तर पदकतक्त्यात आपण कुठे असतो, याचा विचार करून बघा.

शंभर मीटरचा पूर्ण वेग आणि चारशे अडथळ्यांचा दम, हे दोन्ही एका शरीरात, एकाच आठवड्यात. मला यावर बोलायचंय. ज्यांनी तेव्हा पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

गिरगावकर

धागा काढलात हे फार बरं केलंत. सोल एशियाड आमच्या चाळीत दूरदर्शनवर पाहिलं. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या खोलीत पोरं जमिनीवर, बायका दारात. चारशेच्या शेवटच्या वळणावर ती बाकीच्यांपासून सुटली आणि माझी आजी, जिला शर्यतीतलं काही कळत नव्हतं, "आली गं बाय, आली" म्हणत उठून उभी राहिली. माझ्या दोन्ही आत्यांनी त्यानंतर शाळेत धावायला नाव दिलं. एकीला पुढे जिल्ह्यापर्यंत जाता आलं. आमच्या घरात उषा म्हणजे सोल, लॉस एंजेलिस नव्हे.

फक्की

मी तालुक्याच्या गावी शाळेतल्या मुलींना धावणं आणि अडथळे शिकवते, म्हणून जरा तांत्रिक लिहिते.

चारशेच्या शर्यतीत दहा अडथळे. पहिला ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरला एक, आणि दहाव्यानंतर ४० मीटर मोकळे. महिलांच्या अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. उंची फार नाही, कुठलीही धडधाकट मुलगी ओलांडेल. सगळा खेळ मधल्या ३५ मीटरचा आहे. तिथे पावलं मोजून पडावी लागतात. जगातल्या चांगल्या मुली दोन अडथळ्यांमध्ये पंधरा पावलं टाकतात. पंधरा टाकली की दर वेळी तोच पाय पुढे येतो. सहाव्या-सातव्या अडथळ्यानंतर दम लागतो, पाऊल आखूड होतं, पंधरात अंतर कापलं जात नाही. मग सोळा टाकायची तर दुसऱ्या पायाने अडथळा घ्यायला लागतो, आणि तो पाय तयार नसेल तर सतरा, म्हणजे वेळ गेलाच.

त्यात वळण. डावा पाय पुढे घेणाऱ्या मुलीला लेनच्या आतल्या कडेला चिकटून धावता येतं. उजवा पुढे घेणारीचा मागून येणारा डावा पाय अडथळ्याच्या बाहेरून गेला तर ती बाद. म्हणून तिला लेनच्या मधोमध यावं लागतं आणि अंतर वाढतं.

आमचं मैदान मातीचं, रेषा फक्कीच्या, अडथळे प्लास्टिकच्या नळ्या जोडून केलेले. नवीन मुलगी अडथळ्याच्या चार-पाच पावलं आधीच बारीक बारीक पावलं टाकायला लागते. तिची नजर आडव्या नळीवर खिळलेली असते. नजर उचलून पुढच्या अडथळ्यावर न्यायला शिकवण्यात महिने जातात. आणि मागचा पाय बाजूने नीट दुमडून आणला नाही की गुडघ्याच्या आतली बाजू सोलून निघते. माझ्या प्रत्येक मुलीच्या पायावर ती खूण आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की ही शर्यत शर्यती धावून धावूनच शिकता येते. सरावात सोपं वाटणारं अंतर शेजारच्या लेनमध्ये कुणी असलं की बिघडतं. उषा लॉस एंजेलिसला गेली तेव्हा या प्रकारात अगदी नवखी होती, मोठ्या स्पर्धांतल्या अडथळा शर्यतींचा अनुभव जवळपास नाही. आणि तरी ५५.४२! धागाकर्त्यांशी माझं थोडं वेगळं मत आहे. लॉस एंजेलिस झाकून ठेवायची गोष्ट नाही. तिच्या आयुष्यातली अडथळ्यांची सर्वांत वेगवान धाव तीच आहे, नंतर कधीही तिला तो वेळ गाठता आला नाही. ती त्या दिवशी कमी पडली नाही, आयुष्यातलं सर्वोत्तम धावली.

मैदानवेडा

फक्कीताई, हा मुद्दा मला मान्य आहे. माझा आक्षेप शर्यतीवर नाही, 'अरेरे'वर आहे. आयुष्यातली सर्वोत्तम धाव आपण चाळीस वर्षं हळहळीच्या खात्यात टाकतोय.

तर्कतीर्थ

एक प्रश्न विचारतो, राग नसावा. १९८४ ला सोव्हिएत युनियन आणि पूर्व जर्मनीने बहिष्कार टाकला होता. त्याच वर्षी जूनमध्ये सोव्हिएत युनियनच्या मार्गारिता पोनोमार्योवाने ५३.५८ चा जागतिक विक्रम केला होता. ती मंडळी आली असती तर उषा चौथी आली असती का? मग त्या चौथ्या क्रमांकाचं एवढं कौतुक कितपत योग्य?

विदा_आणि_वेग

तर्कतीर्थ, प्रश्न रास्त आहे, पण ऑलिंपिकचा निकाल आलेल्यांमध्येच लागतो. १९८० ला मॉस्कोत अमेरिका नव्हती, म्हणून आपलं हॉकीचं सुवर्ण कुणी खोडत नाही. शिवाय उषाचा वेळ घड्याळाने मोजलेला आहे, तो कुणाच्या गैरहजेरीने बदलत नाही. त्या ५५.४२ चं वजन किती, ते पुढे दिसलंच. हा राष्ट्रीय विक्रम तब्बल ३९ वर्षं कुणाला गाठता आला नाही. २ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊ एशियाडच्या पहिल्या फेरीत कोइंबतूरच्या विद्या रामराजने अगदी ५५.४२ च नोंदवले. ना एक शतांश कमी, ना जास्त. अंतिम फेरीत ती ५५.६८ मध्ये धावली आणि कांस्य मिळवलं. सिंथेटिक ट्रॅक, नवे स्पाइक्स, आहारतज्ज्ञ, व्हिडिओ पाहून सुधारणा, हे सगळं मधल्या काळात आलं, तरी आकडा तिथेच.

त्या एक शतांशाचा हिशेब: ४०० मीटर ५५.४२ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला साधारण ७.२ मीटर. तेव्हा कांस्य आणि चौथ्या क्रमांकात फरक सुमारे ७ सेंटिमीटरचा. अंतिम रेषेवर हात, डोकं, पाय यांतलं काही धरत नाहीत, धड रेषेवर कधी आलं ते बघतात. छाती केव्हा झोकायची हे कळण्यावर सगळं येऊन थांबतं.

मालवणी_माणूस

जेवणाचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. उषाने नंतर एका मुलाखतीत सांगितलं होतं की ऑलिंपिक ग्रामात तिथलं जेवण तिला जाईना, आणि तांदळाची पेज आणि कैरीचं लोणचं यावर दिवस काढावे लागले. शेवटच्या ३५ मीटरला ताकद पुरली नाही त्याचं कारण तेच, असं तिचं म्हणणं.

आमच्याकडे पेज आजारपणात देतात, नाहीतर न्याहारीला. पेजेवर माणूस शेतात जातो, खरंय, पण चार दिवसांत तीन वेळा जगातल्या सगळ्यात वेगवान बायकांबरोबर चारशे मीटर अडथळे नाही धावत. पथकाबरोबर अधिकारी गेले असतील, व्यवस्थापक गेले असतील. वीस वर्षांच्या मुलीला रोज काय खायला मिळतंय हे बघणं कुणाचंच काम नव्हतं का? मला हे वाचल्यावर झोप लागली नव्हती.

अनुराधा_नक्षत्र

सगळे उषाबद्दल लिहिताहेत, मला तिच्या बरोबरीच्या मुलींबद्दल लिहायचंय. त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते.

एम. डी. वल्सम्मा. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये चारशे अडथळ्यांचं सुवर्ण तिचं, ५८.४७ सेकंद. म्हणजे या प्रकारात भारतातली पहिली मोठी विजेती वल्सम्मा, उषा नंतर आली. दोघी केरळच्या. शायनी अब्राहम आठशे मीटरमध्ये लॉस एंजेलिसला उपांत्य फेरीत पोचली, तोवर कुठलीही भारतीय मुलगी तिथवर गेली नव्हती. या तिघी आणि वंदना राव मिळून चार बाय चारशे रिलेच्या अंतिम फेरीत धावल्या. ३:३२.४९, आशियाई विक्रम, सातवा क्रमांक. तुम्ही विचार करा, एका देशाच्या चार मुली ऑलिंपिकच्या रिलेच्या अंतिम फेरीत, आणि ही गोष्ट आपल्या कुणाच्या तोंडी नाही!

सोलला शायनी आठशेमध्ये खूप पुढे होती, पण लेन लवकर सोडली म्हणून बाद झाली. चारशेत मात्र उषाच्या मागे रौप्य तिचंच.

आणि लिडिया डी व्हेगा. फिलिपिन्सची. दिल्लीत आणि सोलमध्ये शंभर मीटरला तिने उषाला हरवलं, सोलच्या दोनशेमध्ये उषाने तिला. त्या दोघींची चुरस म्हणजे ऐंशीच्या दशकातलं आशियाई धावणं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लिडिया कर्करोगाने गेली. त्या बातमीला आपल्याकडे किती कमी जागा मिळाली याचं वाईट वाटलं.

नवाललाही विसरू नका. मोरोक्कोच्या त्या वर्षीच्या पथकात ती एकटी मुलगी होती. ती जिंकल्यावर राजे हसन दुसरे यांनी त्या दिवशी जन्मलेल्या मुलींचं नाव नवाल ठेवा असं फर्मान काढलं. पुढे ती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची उपाध्यक्ष झाली. जिच्या मागे उषा धावली ती अशी होती.

सातारी_माती

अनुराधाताई, लाखमोलाचा प्रतिसाद. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम फेरीत पोचायला भारतीय मुलीला ३२ वर्षं लागली, आणि ती मुलगी आमच्या माण तालुक्यातली. मोहीची ललिता बाबर. २०१६, रिओ, तीन हजार मीटर स्टीपलचेस. पहिल्या फेरीत ९:१९.७६, राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत दहावी. माणमध्ये पाण्याची काय परिस्थिती असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथल्या मुलीने पाण्याचे खड्डे ओलांडत तिथवर मजल मारली. तिच्या बातम्यांत प्रत्येक ठिकाणी उषाचं नाव आलं तेव्हा आमच्या गावाकडच्या कित्येक मुलींना उषा कोण हे पहिल्यांदा कळलं.

गिरगावकर

एक विचारतो. १९८८ ला काय झालं? आमच्याकडे तेव्हा मोठी माणसं तिला वाट्टेल ते बोलत होती एवढं आठवतं.

अनुराधा_नक्षत्र

टाचेला दुखापत होती. सोल ऑलिंपिकमध्ये त्याच अवस्थेत उतरली आणि अडथळ्यांच्या पहिल्याच फेरीत शेवटी राहिली. दोन वर्षांपूर्वी त्याच शहरात जिने देशाला चार सुवर्णं दिली तिच्यावर वर्तमानपत्रांनी इतकी झोड उठवली की आज वाचतानाही अंगावर येतं. वय अवघं २४. पुढच्याच वर्षी, १९८९ ला, दिल्लीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने दोनशे, चारशे, चारशे अडथळे आणि रिले अशी चार सुवर्णं घेतली. बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी शब्द मागे घेतले?

१९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये तीन रौप्य आणि मग थांबली. १९९१ ला लग्न, मग मुलगा. तिथेच संपलं असतं, पण नवऱ्याने आग्रह धरला. ते स्वतः कबड्डी खेळलेले. ती परत आली. १९९८ ला फुकुओकामध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, ३४ व्या वर्षी, आई झाल्यावर, दोनशे आणि चारशेत कांस्य, चार बाय शंभर रिलेत सुवर्ण. मला तिची सगळ्यात आवडती पदकं विचाराल तर ही दोन कांस्यं.

विदा_आणि_वेग

अनुराधाताईंच्या या मुद्द्यावरून फॅनी ब्लँकर्स-कोएनची आठवण होणं अपरिहार्य आहे. हॉलंडची. १९४८ चं लंडन, वय ३०, दोन मुलांची आई. शंभर, दोनशे, ८० मीटर अडथळे आणि चार बाय शंभर रिले, चार सुवर्णं. वय झालंय, घरी मुलं सांभाळ, असं तिलाही ऐकवलं गेलं होतं. वेग आणि अडथळे या दोन्हींत एकाच वेळी अव्वल असलेल्या बायका जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील. उषा आशियात त्या रांगेतली. आशियाई अजिंक्यपदाची एकूण १४ सुवर्णं, एशियाडची ४ सुवर्णं आणि ७ रौप्यं, हा जमाखर्च समोर ठेवा आणि मग बोला.

स्पष्टवक्ती

मैदानावरच्या उषाबद्दल वरचा प्रत्येक शब्द मान्य. पण २०२२ पासून ती भारतीय ऑलिंपिक संघटनेची अध्यक्ष आहे, त्या पदावर बसलेली पहिली स्त्री. २०२३ ला महिला कुस्तीपटू जंतरमंतरवर बसल्या तेव्हा तिने त्याला बेशिस्त म्हटलं, देशाचं नाव खराब होतंय म्हटलं. पेज खाऊन धावावं लागलेल्या, अधिकाऱ्यांच्या बेपर्वाईची झळ स्वतः सोसलेल्या बाईकडून मला हे अपेक्षित नव्हतं. नंतर ती त्यांना भेटायला गेली हेही खरं. पण ते पहिलं वाक्य मला अजून बोचतं.

मैदानवेडा

स्पष्टवक्ती, मलाही ते तेव्हा लागलं होतं, आणि ते या धाग्यावर यायलाच हवं होतं. संघटक म्हणून तिला जे विचारायचं ते विचारलंच पाहिजे, सुवर्णपदकांमुळे त्यातून सूट मिळू नये.

तिच्या शाळेबद्दल मात्र दोन ओळी लिहितो. २००२ ला तिने कोळिकोड जिल्ह्यात 'उषा स्कूल ऑफ अ‍ॅथलेटिक्स' सुरू केलं, निवासी, गरीब घरांतल्या मुलींसाठी. टिंटू लुका तिथली. २०१० ला टिंटूने आठशे मीटर १:५९.१७ मध्ये धावून शायनीचा विक्रम मोडला. म्हणजे जिच्याबरोबर उषा रिले धावली तिचा विक्रम उषाच्याच शिष्येने मोडला. नंबियारांनी जे हिच्यासाठी केलं ते हिने पुढच्या मुलींसाठी केलं. नंबियारांना १९८५ ला पहिल्याच वर्षीचा द्रोणाचार्य मिळाला, त्याच वर्षी आपले कुस्तीचे भालचंद्र भागवतही होते. पद्मश्री मात्र उषाला १९८५ ला आणि गुरूला थेट २०२१ ला, आणि त्याच ऑगस्टमध्ये ते गेले. इतका उशीर का लागावा?

फक्की

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, फार समाधान वाटलं. एक मदत हवी आहे. पुढच्या महिन्यात आमच्या विभागीय स्पर्धा आहेत. त्याआधी एका संध्याकाळी मुलींना शाळेतल्या पडद्यावर उषाची एक शर्यत दाखवायची आहे. लॉस एंजेलिसची अंतिम फेरी दाखवावी की सोलची? वेळ एकाच शर्यतीपुरता मिळेल.

मैदानवेडा

दोन्ही नकोत. लॉस एंजेलिसची उपांत्य फेरी मिळाली तर ती दाखवा. त्यात ती पहिली येते, ज्युडी ब्राउन मागे. तुमच्या मुलींना पावलं मोजायला सांगा, आणि मोजून किती आली ते इथे नक्की लिहा.

सातारी_माती

फक्कीताई, मुलींना शुभेच्छा. विभागीय आमच्याकडे असेल तर कळवा, मुलींच्या जेवणाची सोय मी बघतो.